काढला तरी परत येणारा ब्राउझर

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला हा पीसी. विंडोज ११, आठ जीबी रॅम, दिवसभर त्यावर पॅनकार्ड, वीजबिलं, नोकरभरतीचे फॉर्म, सातबारे. मालकांची तक्रार एका वाक्यात संपली: "दादा, काढून टाकतो, आणि सकाळी मशीन चालू केलं की तो परत हजर." तो म्हणजे कुणीही न मागितलेला एक ब्राउझर. त्याचं नाव इथे देत नाही. अशी मंडळी नाव आणि चिन्ह बदलत राहतात, आतला साचा मात्र तोच असतो, आणि काम त्या साच्याशी आहे.

अशा वेळी बाजारात पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारा' हा. आम्ही तो शेवटचा ठेवतो. फॉर्म भरण्याच्या दुकानात फॉरमॅट म्हणजे प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, सगळं नव्याने बसवायचं. धंद्याचा दिवस त्यात जातो. शिवाय फॉरमॅटनंतरही काही भानगडी परत येतात. त्या कुठून येतात ते पुढे येईलच.

आधी तो ब्राउझर बसलाय कुठे ते पाहिलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यातल्या नावावर राईट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन'. उघडलेलं फोल्डर प्रोग्राम फाइल्समधलं नव्हतं, तर यूजर्समधल्या युजरच्या नावाखालचं ॲपडेटा, त्यातलं लोकल. इथे काही बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, म्हणून ही मंडळी हीच जागा धरतात. अर्थात निव्वळ जागेवरून निकाल द्यायचा नाही, कारण ॲडमिनची परवानगी नाकारली तर क्रोमसुद्धा तिथेच बसतो. त्यामुळे मुख्य फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डिजिटल सिग्नेचर्सच्या टॅबवर सही कुणाची आहे ते आणि जनरलच्या टॅबवर फाइल कधी तयार झाली ती तारीख, ही दोन्ही पाहून घेतली.

ती तारीख फार कामाची. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जाऊन यादी तारखेनुसार लावली, तर त्याच दिवशी आलेली आणखी दोन नावं सापडली. एक पीडीएफ जोडण्याचं टूल, दुसरा सर्चचा कुठलासा 'असिस्टंट'. डाउनलोड्सच्या फोल्डरात त्याच दिवसाची एक सेटअप फाइल पडलेली होती, फोटोची साइज कमी करण्याच्या नावाची. म्हणजे झालं ते उघड होतं. भरतीच्या फॉर्मला फोटो ठरावीक केबीत लागतो, घाईत सर्च केलं जातं, वर जाहिरातीतलं मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसतं आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना आधीच टिक केलेला चौकोन कुणी वाचत नाही.

त्या ब्राउझरला लगेच हात लावला नाही. दुकानातली मुलं त्याच ब्राउझरमध्ये काम करत होती, त्यामुळे पासवर्ड आणि बुकमार्क त्यातच साठले होते. इथे बरेच जण फसतात. प्रोफाइलचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की सगळं वाचलं, असं त्यांना वाटतं. बुकमार्कची फाइल साधी असते, ती वाचता येते. पण पासवर्डची फाइल विंडोजच्या त्या युजरशी बांधलेल्या कुलुपात असते. दुसऱ्या मशीनवर किंवा फॉरमॅटनंतर ती उघडत नाही. म्हणून ब्राउझर जिवंत असतानाच त्याच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून 'एक्स्पोर्ट पासवर्ड्स' करून घ्यायचं. असे ब्राउझर बहुधा गुगलने २००८ साली खुल्या केलेल्या क्रोमियम या ब्राउझरच्या कोडवर बेतलेले असतात, त्यामुळे पासवर्ड आणि बुकमार्कचे पडदे बहुतेक वेळा क्रोमसारखेच सापडतात. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबलं की बुकमार्क मॅनेजर येतो, तिथून बुकमार्क एचटीएमएल फाइलीत काढता येतात.

पासवर्डची जी सीएसव्ही फाइल तयार होते ती उघडी असते. एक्सेलमध्ये उघडली की युजरनेम आणि पासवर्ड शेजारी शेजारी दिसतात. ती डेस्कटॉपवर ठेवून चहाला जायचं नाही. नव्या ब्राउझरमध्ये इम्पोर्ट झाली की शिफ्ट दाबून डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्येही उरत नाही. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड मालकांना फोनवरून बदलायला सांगितले, साफ न झालेल्या मशीनवरून नाही.

मग एक रिस्टोअर पॉइंट केला, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज या क्षणाच्या अवस्थेत परत नेता येतं. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिहिलं की खिडकी येते. सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन बंद असेल तर आधी चालू करावं लागतं.

आता काढायला सुरुवात. पहिली गोष्ट, लॅनची वायर काढली. दोन कारणं. अनइन्स्टॉल करताना हे ब्राउझर 'का जाताय' असं विचारणारं पान उघडतात आणि तिथे पुन्हा एक डाउनलोडचं बटण असतं. आणि मागे चालणारा अपडेटर नेट असेल तर काढलेली फाइल तेवढ्यात परत उतरवतो. मग टास्क मॅनेजरमध्ये त्या नावाच्या गटावर एंड टास्क. क्रोमियमच्या घराण्यात साधारण प्रत्येक टॅब आणि एक्स्टेन्शनची वेगळी प्रोसेस असते, म्हणून एकेक मारत बसू नये, वरच्या गटावरच मारावं. टास्कबारवर घड्याळाशेजारच्या बाणाखालीही त्याचं चिन्ह होतं, ते तिथून एक्झिट केलं. हे न करता अनइन्स्टॉल केलं तर फाइल वापरात असल्यामुळे अर्धं फोल्डर मागे राहतं.

इन्स्टॉल्ड ॲप्समधून अनइन्स्टॉल करताना बटणं नीट वाचावी लागतात. मोठं रंगीत बटण 'ठेवा' असं सांगणारं होतं आणि काढण्याचं बटण खाली फिक्या अक्षरांत. ब्राउझिंग डेटाही पुसायचा का, हा चौकोन टिक केला. सोबतची ती दोन नावंही काढली.

मालक इथवर रोज येत होते आणि इथेच थांबत होते. सकाळी तो परत यायचा कारण अपडेटर हा वेगळा प्रोग्राम असतो. अनइन्स्टॉलर ब्राउझर नेतो, अपडेटर ठेवतो. त्याला उठवणारा गजर टास्क शेड्युलरमध्ये असतो. स्टार्टमध्ये टास्क शेड्युलर शोधून उघडला, व्ह्यूमधून 'शो हिडन टास्क्स' चालू केलं आणि डावीकडची लायब्ररी निवडली. एका टास्कचं नाव अगदी सरकारी थाटाचं होतं, कुठल्याशा सिस्टिम अपडेटसारखं. नावावर जायचं नाही, ॲक्शन्सचा टॅब पाहायचा. तिथे पूर्ण पत्ता ॲपडेटा लोकलमधल्या त्याच फोल्डरचा. ट्रिगर्समध्ये दोन ओळी होत्या: कुणीही लॉगिन केलं की चालू, आणि त्यानंतर दर तासाला, कायम. म्हणजे सकाळी मशीन चालू केलं की तो हजर होणार, यात गूढ काही नव्हतं.

टास्क आधी एक्स्पोर्ट करून ठेवला आणि मग डिलीट केला. इथे हात सैल सोडू नये. मायक्रोसॉफ्ट नावाच्या फोल्डरातल्या टास्कना हात लावायचा नाही. गुगल अपडेटर आणि एजचे अपडेट टास्क खरे असतात. ते उडवले तर चांगल्या ब्राउझरचे सुरक्षेचे अपडेट बंद पडतात आणि ते महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. शंका असेल तर डिसेबल करावं आणि पाहावं.

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत त्याची एक नोंद होती, ती बंद केली. पण डिसेबल केलेली नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, राहतेच. म्हणून रेजएडिट उघडून करंट युजरखालच्या सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, रन इथली ओळ काढली. करंट युजरच्याच सॉफ्टवेअर, क्लायंट्स, स्टार्टमेन्यूइंटरनेट इथे ब्राउझरची नोंदणी असते. ती राहिली तर डिफॉल्ट ॲप्सच्या यादीत मेलेल्या ब्राउझरचं नाव दिसत राहतं. प्रत्येक की (रजिस्ट्रीतलं नोंदींचं फोल्डर) डिलीट करण्याआधी फाइल मेन्यूतून एक्स्पोर्ट; वीस सेकंदांचं काम, पण चुकीची की गेली तर तेवढंच वाचवतं. शेवटी ॲपडेटा लोकल आणि रोमिंगमधली उरलेली फोल्डरं हाताने काढली. फोल्डर 'इन यूज' म्हणत असेल तर कुठलीतरी प्रोसेस अजून जिवंत आहे. तेवढ्यासाठी सेफ मोडमध्ये जायचं ठरलं तर आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलुपाची, रिकव्हरी की हाताशी आहे का ते पाहावं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि सेफ मोडच्या वाटेवर ४८ आकडे मागितले जाऊ शकतात. ते मायक्रोसॉफ्टच्या ज्या अकाउंटने लॅपटॉप सुरू केला त्यात सापडतात, आणि ते अकाउंट दुकानदाराने उघडलं होतं की पुतण्याने, हे बहुधा कुणालाच आठवत नाही.

ब्राउझर गेला. पण क्रोम उघडला तर सर्चला भलतंच इंजिन लागलेलं होतं, आणि मेन्यूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं लिहिलेलं. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यातल्या पीसीवर हे दिसलं तर ते ठीक, कंपनीच्या आयटीने केलेलं असतं आणि त्याला हात लावू नये. झेरॉक्सच्या दुकानाची कसली आलीय ऑर्गनायझेशन! क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं लिहिलं की लागू झालेल्या सक्तीच्या सूचनांची यादी येते. काही अँटिव्हायरसही इथे एखादी ओळ टाकतात, ती ओळखून सोडून द्यायची. इथे ओळ होती 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट', आणि तिच्यापुढे एका एक्स्टेन्शनचा आयडी. हा आयडी ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात फक्त ए ते पी एवढीच अक्षरं येतात. एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की प्रत्येकाखाली आयडी दिसतो. तिथे जुळवून पाहिलं आणि गुन्हेगार सापडला. त्याच्यापुढे रिमूव्हचं बटणच नव्हतं, 'ॲडमिनिस्ट्रेटरने बसवलं आहे' अशा अर्थाची ओळ होती.

हे बटण परत आणायचं तर पॉलिसी काढावी लागते. रजिस्ट्रीत लोकल मशीन आणि करंट युजर या दोन्हीखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम अशी की पाहिली. लोकल मशीनखाली ती ओळ होती. काढली, पॉलिसीच्या पानावर 'रीलोड पॉलिसीज' दाबलं, रिमूव्हचं बटण आलं आणि एक्स्टेन्शन गेलं. कधी कधी ही की काढूनही परत येते. तेव्हा मूळ सूचना विंडोजमधल्या सिस्टिम ३२ या फोल्डरातल्या लपवलेल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरात, रजिस्ट्री डॉट पोल नावाच्या फाइलीत असते आणि विंडोज तिथून ती पुन्हा लिहितं. घरगुती मशीनवर ते फोल्डर दुसऱ्या नावाने ठेवून मशीन रिस्टार्ट करायचं आणि मग की काढायची.

आणि आता ती फॉरमॅटवाली भानगड. दुकानातल्या क्रोममध्ये मालकांचं जीमेल साइन-इन होतं आणि सिंक चालू. तेच अकाउंट घरच्या लॅपटॉपवरही. सिंक म्हणजे बुकमार्क आणि पासवर्डच नाही. वेब स्टोअरमधून आलेली एक्स्टेन्शन्स आणि काही सेटिंग्जही गुगलकडे साठतात आणि साइन-इन केलं की खाली उतरतात. हार्ड डिस्क नवी टाकली तरी तेच सामान पुन्हा येतं. म्हणून, नेट परत जोडल्यावर, सगळ्या मशीनवर सिंक बंद केलं, प्रत्येक मशीन साफ केलं, मग अकाउंटच्या सिंकच्या पानावरून साठलेला डेटा पुसला आणि शेवटी एका साफ मशीनवरून सिंक चालू केलं. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत वाया. क्रोमच्या सेटिंग्जमधलं 'रीसेट सेटिंग्ज'ही वापरलं. त्याने एक्स्टेन्शन्स बंद होतात, सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान मूळ जागी येतं, कुकीज जातात, बुकमार्क आणि पासवर्ड राहतात.

खाली उजवीकडे 'तुमच्या पीसीत व्हायरस आहेत' अशा पाट्याही सरकत होत्या. तो व्हायरस नसतो, एखाद्या साइटला दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. पाटीवर बारीक अक्षरांत साइटचं नाव असतंच. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावं काढली.

डेस्कटॉप, टास्कबार आणि स्टार्ट मेन्यू या तिन्ही ठिकाणचे शॉर्टकट वेगवेगळे असतात, म्हणून तिन्हींच्या प्रॉपर्टीजमधलं टार्गेट पाहिलं. ते क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्हावर संपायला हवं. पुढे प्रोफाइल-डिरेक्टरी असं असेल तर चालतं, वेबसाइटचा पत्ता असेल तर तो खोडायचा. टास्कबारवरच्या शॉर्टकटला हाच रोग होता.

वायर जोडली आणि नेट गायब. मालकांनी लगेच केबलवाल्याला फोन लावायला घेतला, पण वायफायवर फोनचं नेट नीट चालत होतं. क्रोम 'प्रॉक्सी'चं नाव घेऊन रडत होता. ही अशा साफसफाईनंतरची नेहमीची गोष्ट. त्या सोबतच्या 'असिस्टंट'ने सगळी रहदारी आपल्यातून जावी म्हणून मॅन्युअल प्रॉक्सी लावली होती, पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन. आता तिथे ऐकणारं कुणी उरलं नाही, पण विंडोज अजून तिथेच दार ठोठावतंय. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी इथे मॅन्युअल प्रॉक्सी बंद केली. नेट आलं.

त्यानंतर ॲडव्ह-क्लीनरने स्कॅन केलं. मालवेअरबाइट्सचं हे टूल फुकट आहे आणि इन्स्टॉल करावं लागत नाही. सापडलेलं क्वारंटाइन केलं. त्यात शेवटी 'प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर' अशी वेगळी यादी येते, त्यात लॅपटॉप कंपनीची हॉटकी आणि बॅटरीची टूल्सही असतात. सरसकट टिक करू नये. मग विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. साधारण पंधरा मिनिटं लागतात, मशीन स्वतः रिस्टार्ट होतं. रजिस्ट्री क्लीनर नावाची जी दुकानं नेटवर आहेत, त्यांची इथे काही गरज नसते. त्यांतलीच काही आणखी एक ब्राउझर घेऊन येतात.

खरा ब्राउझर आणताना सर्चच्या पहिल्या ओळीवर क्लिक करायचं नाही, ती बहुधा जाहिरात असते. क्रोम बिघडलेला असेल तर तो पूर्ण काढून गुगलचा पत्ता हाताने टाइप करून आणावा. फायरफॉक्स मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये आहे, तिथून घेतला की नकली साइटचा प्रश्नच मिटतो. नाशिकमध्ये जुन्या टॅलीसाठी विंडोज ७ सांभाळून ठेवलेली मशीनं अजून दिसतात. तिथे क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, त्यापुढची चालत नाही. अशा मशीनवर बँकेचं काम करूच नये.

डिफॉल्ट मात्र हातानेच बदलावं लागतं. विंडोज ८ पासून कुठल्याही प्रोग्रामला गुपचूप डिफॉल्ट होता येऊ नये अशी व्यवस्था आहे, म्हणूनच तो ब्राउझर सारखी 'मला डिफॉल्ट करा' अशी खिडकी दाखवतो आणि कंटाळून कुणीतरी हो म्हणतं. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, क्रोम, 'सेट डिफॉल्ट'. पीडीएफ वेगळी पाहायची, ती त्याने स्वतःकडे घेतलेली होती. डिजिटल सहीच्या कागदांचं काम असलेल्या दुकानात पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरकडेच असावी. क्रोममध्ये कागद दिसतो, छापतो, पण सहीची पडताळणी होत नाही. सहीवरच्या पिवळ्या प्रश्नचिन्हाचा हिरवा टिक करायला रीडरच लागतो.

मालकांनी मग विचारलं, "एजपण काढून टाका ना, उगाच आहे." तो काढत नाही. भारतात सेटिंग्जमधून एज निघत नाही. तशी मुभा मायक्रोसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये दिली ती युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती, तिथल्या कायद्यामुळे. नेटवरच्या स्क्रिप्टने ओढून काढला तर पुढच्या अपडेटला तो परत येतो. आणि दुकानात त्याचा उपयोग आहे. सीसीटीव्हीच्या जुन्या डीव्हीआरचं (रेकॉर्डरचं) कॅमेऱ्याचं पान ॲक्टिव्ह-एक्स हे इंटरनेट एक्सप्लोररचं जुनं तंत्र मागतं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, त्यामुळे आता ते फक्त एजच्या आयई मोडमध्ये उघडतं. एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझरखाली ही परवानगी द्यायची आणि साइटचा पत्ता यादीत टाकायचा. ती नोंद ३० दिवसांनी संपते, मग पुन्हा टाकावी लागते. 'कॅमेरा बंद पडला' म्हणून येणारे निम्मे फोन याचेच. एज नको असेल तर टास्कबारवरून अनपिन करावा, बस्स.

तपासणी शटडाउन करून नाही, रिस्टार्ट करून केली. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, जुनी अवस्था साठवून ठेवतं. रिस्टार्टनंतर मशीन तासाभराहून जास्त तसंच चालू ठेवलं, कारण टास्क दर तासाचा होता. टास्क शेड्युलर, स्टार्टअप आणि ॲपडेटा लोकल पुन्हा पाहिलं. काही आलं नव्हतं.

जाता जाता विंडोज सिक्युरिटी, ॲप अँड ब्राउझर कंट्रोल, रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू केलं, त्याखालच्या ॲप्स आणि डाउनलोड्स या दोन्ही टिकसकट. मुलांना फोटोसाठी काही डाउनलोड करायची गरज नाही हेही मशीनवरच दाखवलं. विंडोजच्या फोटोज ॲपमध्ये चित्र उघडून तीन टिंबांतून 'रीसाइझ इमेज' घेतलं की पिक्सेल आणि क्वालिटी दोन्ही बदलता येतात आणि नवी साइज किती केबी होईल ते तिथेच दिसतं. बँकभरती करणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० आणि १० ते २० केबी लागते. क्रॉप आधी करायचा, साइज नंतर. उलटं केलं तर चेहरा ताणला जातो आणि फॉर्म नाकारला जातो.